आंबोलीतला बूट धुवायचा कट्टा: एका पावसाळ्याच्या नोंदी

१८ मे

आंबोलीत आमचा सहा खोल्यांचा होमस्टे आहे. दादा रात्री पाहुण्यांना बेडूक-साप दाखवायला नेतो. स्वयंपाक, बुकिंग आणि हिशेब माझ्याकडे. काल ब्रिस्बेनहून एका मराठी काकांचा फोन आला. मूळचे डोंबिवलीचे, तीस वर्षं तिकडे, आणि बेडकांचे फोटो काढायचं वेड. जूनच्या शेवटी येणार आहेत. खोली, जेवण, गाडी सगळं विचारून झालं आणि मग म्हणाले, "ताई, बूट धुवायची काय सोय आहे?"

मी म्हटलं, "अंगणात नळ आहे, मावशी धुऊन देतात."

"तसं नाही. एका ओढ्यावरून दुसऱ्या ओढ्यावर जाताना काय करता?"

काहीच करत नव्हतो. मग त्यांनी अर्धा तास कायट्रिड नावाच्या बुरशीबद्दल सांगितलं. तिचे बीजाणू पाण्यात पोहतात, ओल्या चिखलातून बुटाच्या नक्षीत अडकून पुढच्या डबक्यात जातात आणि बेडकाच्या कातडीत घर करतात. बेडूक कातडीतूनच पाणी आणि क्षार घेतो. कातडी बिघडली की रक्तातलं सोडियम-पोटॅशियम उतरतं आणि शेवटी हृदय थांबतं. क्वीन्सलँडच्या जंगलातले बेडूक सत्तर-ऐंशीच्या दशकात नाहीसे होत होते आणि कारण कळलं १९९८ मध्ये. आपल्या पोटात पिल्लं वाढवणारा एक बेडूक होता तिकडे, तोही गेला. २०१९ च्या एका मोठ्या आढाव्यात या रोगामुळे घटलेल्या उभयचरांच्या निदान ५०१ जाती मोजल्या होत्या, त्यातल्या ९० बहुधा कायमच्या संपलेल्या.

दादा जेवता जेवता ऐकत होता. म्हणाला, "आपण वर्षाला पाचशे माणसं सड्यावर, त्या कातळाच्या पठारावर, चालवतो. कुठकुठचे बूट असतात कोण जाणे." तिथून हे सुरू झालं. मावशी दाणोलीच्या. त्यांचा पहिला प्रश्न, "बाय, बेडकांक कसलो ताप इलो गो?" त्याला अजून धड उत्तर देता आलेलं नाही.

या नोंदी ठेवतेय त्या दुसरे कोणी होमस्टेवाले, गाईड असं काही करू पाहतील त्यांच्यासाठी. आमचे पैसे गेले तर गेले, तुमचे जाऊ नयेत.

२४ मे

पहिला बेत सोपा होता. दोन मोठी घमेली, दोन ब्रश, आणि पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच. क्लोरीनचं १ टक्क्याचं द्रावण असलं तर कायट्रिड मिनिटभरात मरते असं काकांनी पाठवलेल्या माहितीत होतं. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन धरतात, म्हणजे लिटरला ३० ग्रॅम. वीस लिटरला ६०० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलं (काटा नंतर धुतला, कोणी घाबरू नका).

घमेली २, ₹३८०. प्लास्टिकचे ब्रश ४, ₹३२०. टीसीएल फुकट, कारण गेल्या वर्षीची अर्धी गोणी मागच्या पडवीत होती.

या शेवटच्या वाक्यातच घोळ होता.

२७ मे

गावात पाणी तपासणारे जलसुरक्षक भाऊ चहाला आले होते. मी घमेलं दाखवलं. त्यांनी वाकून वास घेतला आणि म्हणाले, "हे मेलंय." टीसीएलची गोणी एकदा उघडली आणि ओल लागली की क्लोरीन उडून जातो आणि उरते ती चुन्याची भुकटी. आमच्या पडवीत तर मिठाच्या बरणीला पाणी सुटतं.

मला वासावर विश्वास ठेवायचा नव्हता. त्यांच्याकडे ओटीची बाटली असते, पाण्यात थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळं होतं. पण ती पिण्याच्या पाण्यासाठी, एवढ्या जहाल द्रावणाला कशी लावायची? त्यांनीच तोड सांगितली. इंजेक्शनच्या सिरिंजने आमच्या द्रावणातलं १ मिली घ्यायचं आणि १० लिटरच्या स्वच्छ बादलीत ढवळायचं. द्रावण खरंच १ टक्क्याचं असेल तर बादलीत लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन यायला हवा, आणि तेवढ्याला रंग स्पष्ट पिवळा येतो. आमच्या नळीत लिंबू सरबताइतकासुद्धा आला नाही.

तीन दिवस चुन्याच्या पाण्याला औषध समजून बसलो होतो. ही सिरिंजची युक्ती मात्र लिहून ठेवा. पुढे सगळ्यात कामाची हीच ठरली.

२ जून

सावंतवाडीहून ताजी टीसीएल आणली, बंद पिशवीतली, ५ किलो ₹३००. चाचणी झकास पिवळी आली. संध्याकाळी वळवाची सर आली आणि पुण्याचे आठजण सड्यावर जाऊन आले. रांगेने घमेल्यात उभे राहून पाय आपटले, ब्रश फिरवला, सगळे खूश, फोटोही काढले.

आठवा माणूस उतरल्यावर मी सहज सिरिंज घेतली. रंग शून्य.

कारण घमेल्यात दिसतच होतं. तळाला चार बोटं तांबडा चिखल आणि कुजका पाला. क्लोरीन बुरशीला आणि पालापाचोळ्याला वेगळं ओळखत नाही. जे आधी भेटेल त्यावर खर्च होतो. पहिल्या दोघांचे बूट बहुधा निर्जंतुक झाले. उरलेले सहाजण एकमेकांच्या चिखलात बुडवून निघाले. म्हणजे आधी जो चिखल आठ जोड बुटांवर वेगवेगळा होता तो आम्ही नीट ढवळून सगळ्यांना सारखा वाटला.

शिवाय एकाची नवी काळी पँट घोट्यापासून खाली नारिंगी झाली. तो हसला, पण हसू जरा आखडतंच होतं.

बदल: आधी साध्या पाण्याने आणि ब्रशने चिखल पूर्ण काढायचा, नक्षीतला खडा न खडा, आणि मगच औषध. चिखल काढायचा तो जागेवरच, निघायच्या आधी, तिथल्याच पाण्याने पण ओढ्यापासून लांब उभं राहून. सड्याचा चिखल सड्यावर राहिला पाहिजे, माझ्या अंगणात यायला नको. दादाच्या पाठपिशवीत आता एक ब्रश आणि दोन लिटर पाण्याची बाटली कायम असते.

११ जून

आज लिहायचा धीर होत नाहीये, पण नोंदी ठेवायच्या म्हटलं तर हेच लिहायला हवं.

चार दिवस पाऊस लागलाय. सड्यावर आंबोली टोडची गडबड सुरू झाली. २००९ साली नवी जात म्हणून ज्याची नोंद झाली तोच हा पिवळ्या पट्ट्यांचा. पहिल्या पावसात कातळावरच्या उथळ डबक्यात अंडी घालून मोकळा होतो. अंगणापुढच्या चरातही पाणी साचलंय.

सकाळी मावशींनी रात्रीची दोन्ही घमेली नेहमीसारखी अंगणाच्या कडेला ओतली. चाळीस लिटर. त्या चरातून पाणी उतरून रस्त्याकडेच्या डबक्यात जातं हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्या क्षणी कोणाच्या डोक्यात आलं नाही. दहाच्या सुमारास दादा तिकडून आला आणि काही न बोलता मला हाताने बोलावून घेऊन गेला. डबक्यातले भैरे, म्हणजे बेडकांची शेपटीवाली पिल्लं, सगळे पोट वर करून. करडे, तांदळाच्या दाण्याएवढे, शेपट्या ताठ. कुठल्या बेडकाचे होते ते दादालाही ओळखता आलं नाही, फार लहान होते. मी मोजायला लागले आणि साठाच्या पुढे सोडून दिलं.

बुरशीने नाही मेले, आमच्या औषधाने मेले.

मावशी दुपारभर गप्प होत्या. त्यांची चूक नव्हती. ओतायचं कुठे ते मी ठरवलंच नव्हतं. असा कट्टा कोणी बांधणार असेल तर आधी सांडपाण्याची जागा ठरवा, घमेली नंतर घ्या.

१५ जून

औषधावर उतारा शोधला. बेळगावच्या शोभेच्या माशांच्या दुकानात क्लोरीन मारणारं 'हायपो' मिळतं, खड्यांच्या रूपात, स्वस्त. आमचे बाबा पूर्वी फोटो स्टुडिओत कामाला होते, त्यांनी खडे बघून लगेच ओळखले. डार्करूममध्ये फोटो पक्का करायला हेच वापरायचे. म्हणाले, "घरात परत हायपो येईल असं वाटलं नव्हतं."

पण हिशेब केला तर १ टक्क्याच्या वीस लिटरला किलोभर हायपो लागेल. रोज हे परवडायचं नाही आणि तेवढं रसायन तरी कुठे ओतायचं? म्हणजे मुळात वीस लिटर वापरणंच चूक. बूट स्वच्छ असेल तर बुडवायची गरज नाही, नुसता फवारा पुरतो. बागेत मारायचा दोन लिटरचा हातपंप आणला, ₹४५०. आठ जणांना सव्वा लिटर पुरलं.

उरलेलं औषध आता एका बादलीत जमा होतं. त्यात मूठभर हायपो टाकायचं, ओटीचे थेंब टाकून रंग येत नाही याची खात्री करायची आणि मग घरामागच्या उंचवट्यावरच्या शोषखड्ड्यात. खालचा जुना शोषखड्डा पावसात तुडुंब भरून वाहतो, तो या कामाचा नाही. हायपो ₹१४०.

आणखी एक: टीसीएल कोणत्याही संडास धुवायच्या ॲसिडजवळ ठेवू नका. मी एकाच फळीवर ठेवलं होतं. जलसुरक्षक भाऊंनी बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. दोन्ही एकत्र झाली की विषारी वायू सुटतो.

२१ जून

टीसीएलचा राग यायला लागलाय. बुटाच्या कड्या गंजल्या, पंपाची तोटी चुन्याने बुजली, ट्रायपॉडचा स्क्रू अडकला. म्हणून म्हटलं, औषध नकोच, वाळवूया. माहितीत लिहिलेलं होतं की पूर्ण कोरडं पडलं तर कायट्रिड तीन तासांत मरते. किती सोपं!

हे लिहिणाऱ्याने आंबोलीचा जून पाहिलेला नसणार. इथे वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गेल्या आठवड्यात दोरीवर टाकलेला हातरुमाल आज इस्त्री करून वाळवला.

मग उष्णता. ६० अंशाला ५ मिनिटं किंवा ४७ ला अर्धा तास, दोन्हीने बुरशी मरते. भंगारवाल्याकडून एक लोखंडी कपाट घेतलं, ₹१,२००. खाली शंभर वॅटचे दोन जुन्या पद्धतीचे बल्ब, वर जाळीचे कप्पे. वायर-बल्ब ₹४६०. डेअरीत दुधाला वापरतात तो तरंगणारा थर्मामीटर आणला, ₹२८०, आणि कपाटात सुतळीने टांगला. तासाभरात ५२ अंश. आम्ही दोघं दार उघडून बघत बसलो होतो, भाकरी टम्म फुगताना बघावं तसे.

रात्री साडेनऊला लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी चारला आली. सहा जोड बूट बंद कपाटात, ओले, कोमट. उघडल्यावर जो वास आला त्याबद्दल लिहीत नाही. बुरशीला याहून चांगला पाळणा मिळाला नसता. कायट्रिडला १७ ते २५ अंश मानवतं, तीसकडे गेलं की ती मलूल होते, आणि आमचं कपाट रात्रभर मधल्या त्या सुखाच्या तापमानातून सावकाश उतरत गेलं.

२३ जून

लाईट नाही तर बंब आहे. न्हाणीघरातला तांब्याचा बंब लाकडावर चालतो, त्याला महावितरण लागत नाही. पाणी उपसून टबात घेतलं, थर्मामीटर सोडला, ६२ अंश. जळवांसाठी घालायचे लांब मोजे, कापडी पिशव्या, गुडघ्याच्या पट्ट्या सगळं पाच-सात मिनिटं बुडवलं. एकदम मस्त. खर्च शून्य, वास नाही, आणि उरलेलं पाणी गार झालं की कुठेही ओता, एकही भैरा मरणार नाही.

यशाने डोकं फिरतं. मी एका पाहुण्याचे महागडे ट्रेकिंगचे बूटही बुडवले. पाच मिनिटांनी उचलले तेव्हा डाव्या बुटाचा सोल टबातच राहिला. चिकटवलेला होता म्हणे. माणूस सज्जन होता, पण भरपाई दिलीच पाहिजे होती. ₹३,०००. दादा त्या रात्री मला "बाटाबाई" म्हणत होता.

तर: कापड, दोरी, रबर यांना गरम पाणी. चिकटवलेल्या बुटांना कधीही नाही.

२९ जून

ब्रिस्बेनचे काका आले. गाडीतून उतरल्यावर आधी बूट दाखवले, लख्ख. म्हणाले, ऑस्ट्रेलियात परत शिरताना विमानतळावर चिखलाचे बूट आहेत का ते लिहून द्यावं लागतं, सवयच झालीये. मी त्यांना आमचा सगळा इतिहास सांगितला. घमेली, कपाट, सोल. भैऱ्यांचंही सांगितलं.

ते बराच वेळ ऐकत राहिले, मग ओट्याखालच्या चपलांच्या ढिगाकडे बघून म्हणाले, "ताई, घरात तुम्ही आमची पायताणं बाहेर काढायला लावता. मग सड्यावर का घालू देता?"

एवढंच. दीड महिना आम्ही बाहेरचे बूट शुद्ध कसे करायचे यात अडकलो होतो. बाहेरचे बूट न्यायचेच नाहीत हे सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सावंतवाडीच्या बाजारातून गमबूट आणले, शेतात घालतात ते काळे. १४ जोड, नंबर ५ ते १०, दर ₹४२०, एकूण ₹५,८८०. घासाघीस केली, पण पावसाळ्यात गमबुटाचा भाव उतरत नाही. हे बूट आंबोली सोडून कुठेही जाणार नाहीत. तळ सपाट, नक्षी उथळ, अखंड रबर, त्यामुळे चिखल दोन हात ब्रशने निघतो आणि बंबाचं पाणीही चालतं.

तरी धुणं संपलं नाही. हिरण्यकेशी नदीकडचं पाणी आणि सड्यावरचं डबकं यांच्यामध्ये तेच बूट फिरतात. म्हणून एका जागेवरून निघताना ब्रश, घरी फवारा, आणि एका रात्री शक्यतो एकच जागा. दादाला हे शेवटचं पटलं नव्हतं, कारण पाहुण्यांना एका रात्रीत सगळं हवं असतं. आता तो बुकिंगच्या वेळीच सांगतो.

६ जुलै

फवाऱ्यातलं औषध बदललं. कोंबड्यांच्या शेडमध्ये मारतात ती गुलाबी पावडर, पोटॅशियम मोनोपरसल्फेटची. पोल्ट्रीच्या सामानाच्या दुकानात मिळते, किलो ₹१,३५०. लिटरला १० ग्रॅम. रबर खात नाही, चुना धरत नाही, आणि सगळ्यात सोयीचं म्हणजे जोर संपला की गुलाबी रंग उडतो. मावशींना सिरिंज नको, ओटी नको, नुसतं बघितलं की कळतं. बेडकांना मारणारा एक विषाणूही असतो, रानाव्हायरस. एवढ्या तीव्रतेला तोही मिनिटभरात मरतो. ट्रायपॉडचे पाय आणि टॉर्च यांना कोविडमधला उरलेला ७० टक्क्यांचा सॅनिटायझर, पाच लिटरचा सीलबंद कॅन माळ्यावर होता. त्याला वीस-तीस सेकंद पुरतात.

आज एका पाहुण्याने वाद घातला. पहिला मुद्दा, "माझ्याकडे यूव्ही टॉर्च आहे, बुटावर मारतो, सगळं मरतं." विंचू चमकवायला आणतात ती टॉर्च. तिने विंचू छान दिसतो, पण कायट्रिडवर यूव्हीचा जवळजवळ काही परिणाम होत नाही हे तपासलं गेलंय.

दुसरा मुद्दा जड होता. "ही बुरशी पश्चिम घाटात आधीच सापडलीये. मग आता दार लावून काय उपयोग?" खरं आहे ते. २०११ मध्ये पश्चिम घाटातल्या बेडकावर पहिली नोंद झाली, २०१३ मध्ये आपल्या उत्तर भागातल्या बेडकांवरही सापडली. पण ती आशियातलीच जुनी वाण आहे आणि इथले बेडूक तिच्यासोबत जगताना दिसतात. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत ज्या वाणाने धुमाकूळ घातला ती वेगळी. घरात साधी मांजर आहे म्हणून बिबट्याला दार उघडं ठेवत नाहीत. हे दादाचं वाक्य, माझं नाही. पाहुणा हसला आणि गमबूट चढवले. नऊ नंबर, थोडे सैल.

१३ जुलै

घाटाच्या वळणावर दादाला एक मोठा बेडूक मेलेला मिळाला. मांड्या लालभडक, पोटावरही लाल चट्टे. आमच्या दोघांच्या पोटात गोळा आला. "आला" एवढंच म्हणाला तो.

हातात प्लास्टिकची पिशवी उलटी घालून उचलला आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात नेला. डॉक्टरांच्या टेबलावर एक म्हैस नुकतीच तपासून गेल्याच्या खुणा होत्या. म्हणाले, "बेडूक मी कॉलेजात फाडलाय, बरा कधी केला नाही." पण बघितला नीट. हातमोजे चढवले, चिमट्याने पाय ताणला, उताणा-पालथा केला, तोंड उघडलं. मग डाव्या बाजूच्या बरगडीशी, म्हणजे बेडकाला बरगड्या नसतात हे त्यांनीच हसत दुरुस्त केलं, पाठीच्या कण्याजवळ बोट ठेवून मला म्हणाले, "इथे दाबून बघा." पिशवीतून दाबलं. आतलं हाड काचेसारखं करकरलं.

गाडीखाली गेला होता. चाक कडेवरून गेलेलं, म्हणून वरून अखंड दिसत होता.

तरीही जे सांगितलं ते उपयोगाचं आहे. मांडी लाल म्हणजे कायट्रिडच असं नाही. जिवाणूंनीही होते, विषाणूनेही, माराने तर होतेच. डोळ्यांनी निदान होत नाही. खरा संशय यायला हवा तो जिवंत बेडकाने: दिवसाढवळ्या उघड्यावर मरगळून बसलेला, पाय पसरलेले, कातडीचे पापुद्रे सुटलेले, आणि उताणा पडला तर सरळ होता येत नाही असा. एका जागी असे तीन-चार दिसले तर वनखात्याला कळवायचं. आपण पकडून घरी आणायचं नाही. परवानगीशिवाय ते करता येत नाही, आणि आणून करणार काय? बंदिस्त बेडकांना इट्राकोनाझोलच्या पातळ द्रावणात रोज ५ मिनिटं, सलग ११ दिवस बुडवतात. पण ते प्राणिसंग्रहालयात. रानात सोडलेल्या बेडकाला पुन्हा त्याच डबक्यात बसायचंय. आणि डबक्यातले भैरे? त्यांच्या फक्त तोंडापाशी ती बुरशी राहते, ते सहसा मरत नाहीत, नुसते बाळगतात.

फी घेतली नाही. म्हणाले, बिलात जनावर काय लिहू?

२६ जुलै

शनिवार-रविवार धबधब्याला जत्रा. गाड्यांची रांग. आमचे गमबूट बघून दोन शेजारी होमस्टेवाले विचारून गेले. एकाने सरळ म्हटलं, "गिऱ्हाईक कंटाळतं." कंटाळतं, खरं आहे. जूनमध्ये आठ माणसांना पन्नास मिनिटं लागत होती, आता बारा ते पंधरा लागतात, आणि त्या वेळात मी कांदाभजी काढते. कांदाभजीशिवाय हा सगळा उपक्रम पहिल्याच आठवड्यात बंद पडला असता.

हातांचा नियमही आता कडक केलाय. बेडूक उचलायचा नाही, हातावर ठेवून फोटो नाही. डास पळवायचं मलम लावलेल्या हाताने तर मुळीच नाही. त्याची कातडी सगळं पिऊन घेते. एकजण म्हणाला, मी हातमोजे घालतो. लेटेक्सचे मोजे भैऱ्यांना विषारी ठरतात हे त्याला माहीत नव्हतं. मला तरी कुठे होतं जूनमध्ये. रस्त्यातून बाजूला करायचाच झाला तर दादा नवी प्लास्टिकची पिशवी वापरतो, एका बेडकाला एक.

२९ सप्टेंबर

पाऊस ओसरला, रात्रीच्या फेऱ्या बंद. हिशेब असा की एकूण ₹१३,७६० गेले. त्यात ₹३,००० सोलचे, ₹३०० टीसीएलचे आणि ₹३८० घमेल्यांचे निव्वळ पाण्यात. घमेल्यांत आता मावशी कोथिंबीर लावतात. कपाटात लाईट असेल तेव्हा मोजे वाळतात. आज नव्याने करायचं तर गमबूट, ब्रश, गुलाबी पावडर आणि हातपंप एवढंच घेईन, ते ₹८,००० मध्ये बसतं. वेळ मात्र मोजला नाही. मे अखेर ते जून अखेर रोज संध्याकाळ यातच गेली.

कामं बाकी: दोन गमबूट टाचेला फाटलेत, सायकलवाल्याकडून पंक्चरचा तुकडा लावून घ्यायचा. अकरा नंबर सावंतवाडीत मिळत नाही, कोल्हापूरला बघायचा. यंदा अकरा नंबरवाले दोघे आले होते, त्यांना दादाने ओट्यावर बसवून नुसते आवाज ऐकवले. उरलेली टीसीएल, हवाबंद डब्यातली, भाऊंना देऊन टाकली. त्यांनी आधी वास घेतला, मग सिरिंज मागितली.